डब्यातले सोयरे : काजू, बिब्बा, शेंगदाणे आणि मेथी



ठरत आलेल्या कामात कुणी मोडता घातला की आपण म्हणतो, "यानं मध्येच बिब्बा घातला." हा बिब्बा आपल्या खानापूर-चंदगडकडच्या रानांत आजही आहे. तो अंगावर उतला की काय हाल होतात, हे जुन्या माणसांना सांगायला नको. पण हाच बिब्बा आपल्या काजूचा भाऊबंद आहे, आणि आंब्याचाही, हे किती जणांना ठाऊक आहे? मेथी ही भुईमुगाची नातलग आहे, हे किती माउलींना माहीत आहे?

नाते माहीत करून घेऊन आम्हाला काय करायचे, असे कुणी विचारील. त्यासाठी एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

समजा, घरात सून बाळंत झाली आहे. सासूबाई डिंकाचे लाडू वळत आहेत. परातीत डिंक, खारीक, खोबरे, गोडंबी, चारोळी, मेथी, काजू असे सगळे आहे. थोरल्या नातवाला मागे एकदा काजू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या आणि उलटी झाली होती, हे सासूबाईंच्या ध्यानात आहे. म्हणून त्या पोरासाठी चार लाडू वेगळे वळतात. त्यांत काजू घालत नाहीत, त्याऐवजी पिस्ते घालतात आणि मायेने पोराच्या हातावर ठेवतात. पाच-दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो आणि श्वास घेताना छातीतून शीळ वाजू लागते.

सासूबाईंची माया खरी आणि काळजीही खरी. चूक एवढीच झाली की काजूला दाराबाहेर काढून त्यांनी काजूच्याच भावाला घरात घेतले. अशी चूक आपल्या घरी होऊ नये म्हणून आजचा पाठ.

१. शरीराचा राखणदार

रानात राखणदार ठेवतो तो चोराला अडवण्यासाठी. आपल्या शरीरातही असा राखणदार आहे. रोगजंतू आत आले की तो त्यांना ओळखतो आणि हुसकून लावतो. कधी कधी मात्र त्याचा गैरसमज होतो. काजू, शेंगदाणा, अंडे असा निरुपद्रवी पदार्थ त्याला शत्रू वाटतो आणि तो सारे बळ लावून त्याच्यावर तुटून पडतो. यालाच ॲलर्जी म्हणतात. हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम वापरला.

राखणदार चोराला कशावरून ओळखतो? चेहऱ्यावरून. येथे चेहरा म्हणजे त्या पदार्थातील विशिष्ट प्रथिनाची किंवा रसायनाची घडण. आता सख्ख्या भावांचे चेहरे सारखे असतात. मग राखणदार एकाला शोधताना दुसऱ्याचीही गचांडी धरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा हा न्याय. एका पदार्थाने बिघडलेले शरीर त्याच्या नातलगालाही तसाच त्रास देते, तेव्हा डॉक्टर तिला आडवी ॲलर्जी किंवा क्रॉस ॲलर्जी म्हणतात.

ही ॲलर्जी दोन तऱ्हेची असते. हा भेद नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा पाठ त्यावर उभा आहे.

पहिली, ताबडतोबीची. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत ती दिसते. गांधी, ओठ व डोळे सुजणे, उलटी, दम लागणे, चक्कर ही तिची लक्षणे. ती बियांतील प्रथिनांमुळे होते आणि रक्तातील आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तिला कारण असते. या प्रतिद्रव्याचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी लावला. ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

दुसरी, उशिराची. चीक किंवा तेल कातडीला लागल्यापासून एक-दोन दिवसांनी ती वर येते. कातडी लाल होते, खाज सुटते, पाण्याचे फोड येतात आणि पुढे सालपटे निघतात. ती प्रथिनांमुळे होत नाही, चिकातील तेलकट रसायनांमुळे होते. ती सहसा जीव घेत नाही, पण हातांवर पोट असलेल्या माणसाची रोजी घेते.

२. कूळ कसे ओळखावे

वनस्पतींचीही कुळे असतात. वरून पाहून ती ओळखू येतातच असे नाही. निपाणीचा तंबाखू आणि संकेश्वरी मिरची एकाच कुळातली आहेत, आणि वांगे, टोमॅटो, बटाटा हे त्याच घरातले. फूल पाहिले की नाते पटते.

उलट, स्वयंपाकघरातली जवळीक म्हणजे नाते नव्हे. शेंगदाणा आणि काजू एकाच वाटीत खारवून देतात, म्हणून आपण दोघांना सुका मेवा समजतो. पण भुईमूग हे शेंगवर्गातले पीक आहे. तूर, हरभरा, मूग, सोयाबीन त्याचे सोयरे. काजूशी त्याचे कुळाचे नाते नाही. जायफळाच्या नावात फळ आहे आणि दिसायला ते सुक्या मेव्यासारखे आहे, पण त्याचे कूळ निराळे. नारळ हा ताडामाडाच्या घराण्यातला. तीळ आणखी वेगळा. म्हणून अमक्याला काजू चालत नाही तर खोबरेही बंद, असा नियम सरसकट करू नये.

३. काजूचे घराणे

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि तेथून तो कोकण, आजरा, चंदगड, खानापूर असा घाटावर आला. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमे आज आपल्या माळावर दिसतात. बिब्बा मात्र येथलाच. युरोपातील जुने औषधविक्रेते हृदयाच्या आकारावरून बिब्ब्यालाच अनाकार्डियम म्हणत. पुढे हेच नाव वनस्पतिशास्त्रात काजूला मिळाले आणि बिब्ब्याच्या नावात ते मागे शेपटासारखे राहिले. एका नावात दोघे बांधले गेले ते असे.

या घराण्यात काजू, बिब्बा, आंबा, पिस्ता आणि चारोळी आहेत. अमेरिकेच्या रानात अंगाला लागताच फोड आणणारी पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे, तीही याच घराण्यातली. अरबी व तुर्की स्वयंपाकात आंबटपणासाठी वापरतात तो सुमाक मसालाही यातलाच. हॉटेलांत शोभेसाठी घालतात ती गुलाबी मिरीही यातलीच. गुलाबी मिरी नावाचीच मिरी आहे. आपली काळी मिरी पानवेलीच्या कुळातली असून तिचा काजूशी संबंध नाही.

या घराण्यापासून होणारा त्रास दोन वाटांनी येतो.

पहिली वाट बियांची. काजूगर आणि पिस्ता यांतील प्रथिने इतकी सारखी आहेत की शरीराला त्यांतला फरक कळत नाही. पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक सर्वांना काजूही चालत नाही, आणि काजूची ॲलर्जी असलेल्यांपैकी पुष्कळांना पिस्ता चालत नाही. म्हणून एकाची ॲलर्जी ठरली की डॉक्टर दुसराही बंद करायला सांगतात. भाजल्याने, तळल्याने किंवा दळून मसाल्यात मिसळल्याने ही प्रथिने मरत नाहीत. काजूची ॲलर्जी असलेल्या काहींना गुलाबी मिरी आणि सुमाक यांचाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. चारोळी आणि गोडंबी याच घरातल्या बिया. ज्याला काजूचा ताबडतोबीचा त्रास झाला आहे, त्याला या दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. लाडू, श्रीखंड, बासुंदी, पेढे यांवर पसरलेली चारोळी डोळ्यांना दिसत असूनही ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

दुसरी वाट चिकाची. काजूच्या टरफलाला दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत काळपट तेल भरलेले असते. अनाकार्डिक आम्ल, कार्डोल आणि कार्डेनॉल ही त्यातील मुख्य रसायने. बिब्ब्याच्या तेलात आणि पॉयझन आयव्हीच्या चिकात याच जातीची रसायने आहेत. आंब्याच्या चिकात व सालीतही त्यांचे नातेवाईक आहेत. म्हणून ज्याला एकदा बिब्बा उतला, त्याला काजू फोडताना किंवा आंबे उतरवताना फोड आले तर नवल मानू नये.

याचा एक जुना दाखला आपल्याच देशातला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक भारतात आले. त्यांचे कपडे परटाकडे जात आणि परीट ओळखीसाठी बिब्ब्याच्या तेलाने खूण करीत. थोड्याच दिवसांत सैनिकांच्या मानेवर, कंबरेवर पुरळ उठू लागले, आणि तेही नेमके खूण टेकते तेथे. १९४३ साली अमेरिकी डॉक्टरांनी त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. या सैनिकांच्या देशात पॉयझन आयव्ही जागोजाग उगवते हे लक्षात घेतले, म्हणजे बिब्ब्याचा त्यांना एवढा उपद्रव का व्हावा याचा उलगडा होतो.

दुसरा दाखला अमेरिकेतला. १९८२ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यात मुलांच्या खेळाच्या संघटनेने मदतनिधीसाठी काजूच्या पिशव्या विकल्या. काजू मोझांबिकमधून आले होते. ते खाऊन ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठले. तपासात काजूगरांबरोबर टरफलाचे तुकडे आढळले. दोष टरफलाच्या तेलाचा होता. म्हणजे चिकाची ॲलर्जी पोटातूनही वर येऊ शकते. निवडताना टरफलाचा एक तुकडा राहिला तर काय होते, हे आपल्याकडे काजू निवडणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावे. त्यांच्या डोळ्यांवर कुठल्यातरी अनोळखी मुलाची प्रकृती अवलंबून असते.

आंब्याविषयी दोन शब्द. काजूची ॲलर्जी असलेले बहुतेक लोक आंब्याचा गर विनातक्रार खातात. त्रास होतो तो सालीचा आणि देठाच्या चिकाचा. आंबा सालीसकट तोंडाला लावून चोखला की ओठांभोवती पुरळ येते, ते यामुळे. अशाने आंबा सोडायचे कारण नाही. आंबा धुवावा, दुसऱ्याकडून साल काढून घ्यावी आणि फोडी खाव्यात. मात्र गर खाताच गांधी उठत असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

४. भुईमूग आणि मेथी

आता दुसरे घराणे, शेंगांचे. आपल्या भागात भुईमूग हे रोजचे खाणे आहे. शेंगदाण्याची चटणी नसली तर भाकरी घशाखाली उतरत नाही. याच घराण्यात मेथी आहे. मेथी आपण मसाला म्हणून, भाजी म्हणून, बाळंतिणीचे औषध म्हणून आणि केसांना लेप म्हणूनही वापरतो. लोणच्यात, मेथकुटात, सांबार मसाल्यात ती दळून गेली की तिची ओळखही राहत नाही.

मुंबईतील पाटील, निफाडकर व बापट या संशोधकांनी १९९७ साली मेथीच्या ॲलर्जीचे दोन रुग्ण प्रसिद्ध केले. एका दमेकऱ्याला मेथीची पूड नाकात गेल्यावर नाक वाहू लागले, छाती वाजू लागली आणि भोवळ आली. दुसऱ्या बाईने कोंड्यावर उपाय म्हणून डोक्याला मेथीचा लेप लावला. तिचे डोके बधिर झाले, चेहरा सुजला आणि तिलाही दम लागला. कातडीवर तपासणी केली तेव्हा मेथीबरोबर हरभऱ्यालाही जोरदार प्रतिसाद मिळाला. हरभरा हा मेथीचा सोयराच. घरगुती उपाय म्हणजे निरुपद्रवी उपाय, या आपल्या समजाला येथे चांगलाच धक्का बसतो.

पुढे नॉर्वे देशात अन्नाच्या गंभीर ॲलर्जीची सरकारी नोंदवही तपासली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना करीच्या मसाल्यातील मेथीचा त्रास झाला, त्यांचे मूळ दुखणे बहुधा शेंगदाण्याचे होते. शेंगदाण्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये मेथीवरही धावत होती. म्हणून ज्या मुलाला शेंगदाण्याने दम लागतो, त्याच्या ताटातील मेथीवर नजर ठेवावी. आपली मुले नोकरीसाठी परदेशी जातात, त्यांनाही हे कळवावे. तिकडे शेंगदाणा पाकिटावर लिहिलेला असतो, पण मसाल्यातील मेथी नावानिशी लिहिलेली असतेच असे नाही.

५. भिऊन उपाशी ठेवू नका

येथपर्यंत वाचून एखादी आई म्हणेल, पोराला शेंगदाणे चालत नाहीत तर तूर, मूग, हरभरा, मेथी सगळेच बंद करते. बाई, थांबा. हे दुसऱ्या टोकाला जाणे झाले, आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे.

अमेरिकेत १९८९ साली शेंगवर्गाची तपासणी झालेल्या ६९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कातडीवरच्या तपासणीत पुष्कळांना अनेक डाळींची ॲलर्जी दिसत होती. डॉक्टरांनी देखरेखीखाली प्रत्यक्ष खायला दिले, तेव्हा एकाहून अधिक शेंगवर्गीय धान्यांचा खरा त्रास दोनच मुलांना झाला. म्हणजे तपासणीत खूण उमटली म्हणून ते अन्न बाधेलच असे नाही. ज्या घरात दूध-अंडी रोज परवडत नाहीत, तेथे डाळ हेच मुलाच्या वाढीचे अन्न. ते विनाकारण तोडले तर ॲलर्जीने जेवढे नुकसान झाले नसते तेवढे कुपोषणाने होईल. ज्या डाळी मूल आजवर निर्धास्त खात आले आहे, त्या चालू ठेवाव्यात. नवीन नातलग पदार्थ मात्र डॉक्टरांना विचारून सुरू करावा.

आणखी एक समज काढून टाकला पाहिजे. लहानपणी शेंगदाणा दिलाच नाही की ॲलर्जी होणारच नाही, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या अभ्यासाने २०१५ साली हे उलटे ठरवले. ही मुले इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जोखमीची होती. ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचा पदार्थ सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. अशा जोखमीच्या बाळाला तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा. आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. मऊ वाटून, पातळ करून द्यावा.

६. जिरेपुडीची गोष्ट

नातेवाइकांचे चेहरे पाहून शरीरच फसते असे नाही, प्रयोगशाळाही फसते. २०१५ साली ब्रिटनमध्ये जिरेपुडीत बदामाचे अंश सापडले म्हणून ती बाजारातून परत मागवली गेली. कुणीतरी स्वस्त बदामटरफल दळून मिसळले असावे असा बोभाटा झाला. पुढे तेथील शासकीय रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेने अधिक बारीक तपासणी केली, तेव्हा ते बदाम नव्हतेच. ते महलेब होते. एका रानटी चेरीच्या बाठीतील गराचा हा मसाला, ग्रीस व अरब देशांत पावात घालतात. चेरी आणि बदाम एकाच वंशातले, त्यामुळे बदाम ओळखणारी तपासणी महलेबलाच बदाम समजून बसली.

त्याच सुमारास अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचे अंश सापडले आणि ती पूड घातलेले अनेक पदार्थ परत मागवावे लागले. जिऱ्याचे शेंगदाण्याशी काहीही नाते नाही. ती निव्वळ भेसळ किंवा मिसळ होती. यातून आपण धडा घ्यायचा तो असा : दळलेल्या मसाल्याला चेहरा नसतो. अख्खे जिरे पाहून ओळखता येते, पूड ओळखता येत नाही. ज्या घरात ॲलर्जीचे माणूस आहे, तेथे अख्खा मसाला आणून घरी कुटावा किंवा दळावा. गिरणीत देणार असाल तर आधी काय दळले आहे ते विचारावे.

जिऱ्याचे स्वतःचे घराणेही मोठे आहे. धने, जिरे, बडीशेप, ओवा, हिंग आणि गाजर हे सारे छत्रीसारख्या फुलोऱ्याचे. धन्याने ज्याच्या तोंडाला खाज सुटते, त्याने बडीशेप-ओव्याकडेही लक्ष ठेवावे.

७. घरात, रानात आणि कारखान्यात

घरात : प्रथम त्रासाची नोंद करा. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, किती वेळ टिकले, हे वहीत लिहा. डॉक्टरांना ही नोंद महागड्या तपासणीइतकीच उपयोगी पडते. पाकीटबंद वस्तूवरील बारीक अक्षरे वाचा. आपल्या देशातील २०२० च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, सोयाबीन, दूध, अंडी, मासे यांची ॲलर्जीसूचना छापावी लागते. मेथी, मोहरी, तीळ त्या सक्तीच्या यादीत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. सुट्या मसाल्यावर तर कसलेच लेबल नसते.

रानात : आंबा उतरवताना थोडा देठ ठेवून काढावा आणि फळ उलटे धरून चीक निथळू द्यावा. तोंड वर करून झाडाखाली उभे राहू नये, चीक डोळ्यांत उडतो. ओले काजू सोलताना हाताला तेल लावावे किंवा हातमोजे घालावेत. काजू घरी भाजायचे तर उघड्यावर, वाऱ्याच्या पाठीला उभे राहून भाजावेत. काजूची व बिब्ब्याची टरफले चुलीत घालू नयेत, त्यांचा धूर डोळ्यांना, घशाला आणि फुप्फुसाला बाधतो. बिब्बा काट्यावर, भेगांवर किंवा दृष्टीसाठी लहान मुलाला लावू नये.

कारखान्यात : काजू फोडणाऱ्या भगिनी हाताला एरंडेल किंवा राख लावतात. काहीच न लावण्यापेक्षा ते बरे, पण खरे संरक्षण चांगल्या हातमोज्यांचे. मोजे फाटले की बदलून मागावेत, तो आपला हक्क आहे. जेवणाआधी आणि लघवीला जाण्याआधीही हात साबणाने धुवावेत, नाहीतर तेल नको तेथे पोचते. कामाचे लुगडे वेगळे ठेवावे आणि तान्ह्याला घेण्याआधी बदलावे.

चीक लागलाच तर वेळ घालवू नका. पहिल्या काही मिनिटांतच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांखालीही धुवा. हे तेल कातडीत झटकन मुरते. धुण्याआधी खोबरेल चोळू नये, त्याने ते पसरते. फोड आले तर फोडू नका. फोडातील पाण्याने दुखणे दुसऱ्याला लागत नाही, म्हणून अशा बाईला घरात वेगळे बसवण्याचे कारण नाही. चेहरा सुजला, डोळे मिटले किंवा अंगभर पसरले तर दवाखान्यात जावे.

८. जिवावरचा प्रसंग

खाल्ल्यावर थोड्या वेळात पुढीलपैकी काही दिसले तर तो जिवावरचा प्रसंग समजा : जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, छाती वाजणे, वारंवार उलट्या, भोवळ, अंग गार व फिके पडणे. दमेकऱ्यांनी तर अधिकच सावध असावे.

अशा वेळी एकच औषध जीव वाचवते, ते म्हणजे एड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. खाजेची गोळी गांधी कमी करते, पण बंद होत चाललेला घसा उघडत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहत बसू नका. कांदा हुंगवणे, लिंबूपाणी पाजणे, उलटी काढणे यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा, ही सेवा कर्नाटक व महाराष्ट्र दोन्हीकडे आहे. गाडी जवळ असेल तर थेट दवाखाना गाठा, सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा हे पाहू नका. रोग्याला आडवे निजवा आणि पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवत नेऊ नका, त्याने रक्तदाब एकदम पडतो. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यात थांबा, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. आणि दारातच डॉक्टरांना सांगा, काय खाल्ले आणि किती वेळ झाला.

पाठाचा सराव

खालील प्रश्न घरात मोठ्याने वाचावेत आणि सर्वांनी मिळून उत्तरे द्यावीत.

१) काजू चालत नसलेल्या मुलाला पिस्ता का देऊ नये?
२) गुलाबी मिरी आणि काळी मिरी यांतील कोणती काजूच्या घराण्यातली?
३) शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने कोणत्या मसाल्याकडे लक्ष ठेवावे? अशा मुलाच्या सर्व डाळी बंद कराव्यात का?
४) बिब्ब्याचा चीक लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करावे?
५) घसा सुजू लागला तर खाजेच्या गोळीवर अवलंबून राहणे धोक्याचे का?

शेवटी एक काम. एका कागदावर घरातील प्रत्येक माणसाचे नाव आणि त्याला न चालणारा पदार्थ लिहा, त्यापुढे त्या पदार्थाचे सोयरेही लिहा, आणि कागद मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. नाताळात फराळाचे ताट शेजारी पाठवाल तेव्हा, शेजारघरातून लाडू येतील तेव्हा, आत काय घातले आहे ते तोंडाने सांगा आणि विचाराही. विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. सासूबाईंच्या परातीतले पिस्ते कुणीतरी वेळेवर विचारले असते, तर पोराने तो लाडू हातात घेतलाच नसता.